पफिनच्या नादात राहून जाणारा मासा

आइसलँडचं पार पश्चिमेकडचं टोक, लाउत्राब्यार्ग. कडा १४ किलोमीटर लांब, काही ठिकाणी ४४० मीटरपर्यंत उंच, आणि वर गवतात ही सगळी पब्लिक पोटावर पालथी पडलीय ती उगाच नाही, काठाची माती पफिन नावाच्या समुद्री पक्ष्यांनी बिळं करून पोखरलेली असते, उभं राहून डोकावलात तर मातीसकट खाली जाल. पफिनला मात्र आपलं काही टेन्शन नसतं. हातभर अंतरावर येऊन बसतो, चोचीत बारीक मासे आडवे धरलेले, आणि पुढचा पकडायला चोच उघडली तरी आधीचे पडत नाहीत, कारण टाळूवर काटे असतात आणि जिभेने मासे त्यावर दाबून धरतो. चोचीवरचा तो रंगीत थर सीझन संपला की गळतो, मग स्वारी हिवाळाभर समुद्रावरच.

फोटो काढा, भरपूर काढा. पण खरं सांगू, मला येड लावलं ते आइसलँडमधल्याच एका तळ्यातल्या माशाने, ज्याच्याकडे टुरिस्ट ढुंकून बघत नाहीत.

तळ्याचं नाव थिंगवाटलावाट्न. खोली ११४ मीटर, पाणी लाव्हाच्या दगडातून वर्षानुवर्षं झिरपत आलेलं, एकदम काच! लोक इथे सिल्फ्राच्या भेगेत स्नॉर्कलिंग करतात आणि मासे दिसलेच नाहीत म्हणत परततात. दिसणार कसे, दगडांच्या फटीत बघावं लागतं ना.

या माशाचं नाव ‘आर्क्टिक चार’ (Arctic char), इथे ‘चार’ म्हणजे आकडा नव्हे. हिमयुग संपल्यावर, साधारण १०,००० वर्षांपूर्वी याचे पूर्वज इथे अडकले, आणि एवढ्याशा काळात एकाच तळ्यात त्याचे चार प्रकार झाले. एक तळाशी गोगलगायी खाणारा, मोठा. दुसरापण गोगलगायीच खातो, पण हा वीतभरसुद्धा नाही, काळपट, जन्म लाव्हाच्या फटीत काढतो. या दोघांचा खालचा जबडा आखूड, दगडावरून खरवडून खायला बरा. तिसरा उघड्या पाण्यात प्लँक्टनवर, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक जीवांवर जगतो, आणि चौथा सरळ मासेच खातो, म्हणजे कधी कधी स्वतःचेच भाऊबंद! अंडी घालायचे महिनेही सगळ्यांचे जुळत नाहीत, त्यामुळे आपसात मिसळणं कमीच.

शास्त्राच्या हिशोबात मात्र चौघंही अजून एकाच जातीत.