आरसा, कांट आणि पर्समधलं कार्ड

मघाशी प्रास्ताविकात अ‍ॅड्रियन पायपर यांची ओळख 'कलावंत आणि तत्त्वज्ञ' अशी करून दिली गेली. माझं भांडण त्या 'आणि'शी आहे. दिवसभर डॉक्टरकी करून संध्याकाळी पेटी घेऊन बसणारे आपल्याकडे पुष्कळ असतात. तसलं हे प्रकरण नव्हे.

बाई 1948च्या, न्यूयॉर्कच्या. आधी कलाशाळेत शिकल्या, मग तत्त्वज्ञानाकडे वळल्या. 1981 साली हार्वर्डची डॉक्टरेट, मार्गदर्शक जॉन रॉल्स, न्यायाच्या सिद्धांतासाठी गाजलेले तत्त्वज्ञ. 1987मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात कायम झाल्या. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक म्हणून अमेरिकेत कायम झालेल्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. बाकीची यादी कुठेही मिळेल, ती सोडतो.

1971चा उन्हाळा घ्या. पायपर आपल्या घरात एकट्या. उपास चालू, पोटात फक्त रस आणि पाणी. जोडीला योगासनं. आणि सतत वाचन कशाचं, तर अठराव्या शतकातल्या जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या 'शुद्ध बुद्धीच्या मीमांसे'चं. हा ग्रंथ ज्यांनी उघडून पाहिलाय त्यांना भरल्या पोटीसुद्धा काय होतं ते माहीत आहे! वाचता वाचता आपण विरघळत चाललोय, आपण उरणारच नाही, अशी भीती त्यांना वाटू लागली. भीती दाटली की त्या उठायच्या, आरशापुढे उभ्या राहायच्या, ज्या वाक्यानं घाबरवलं तेच वाक्य मोठ्यानं म्हणायच्या आणि कॅमेऱ्याचा खटका दाबायच्या. मी आहे ना अजून? त्यातून 14 फोटो उरले. इतके काळोखे की काहींत माणूस डोळे ताणून शोधावा लागतो. आता सांगा, हे तत्त्वज्ञान की कला?

कांटचं म्हणणं ढोबळपणे सांगायचं तर, जग आपल्याला तयार मिळत नाही. मन येईल ते खणाखणांत लावतं, तेव्हा कुठे त्याचा अनुभव होतो. पायपर यांचा प्रश्न पुढचा आहे. कुठल्याच खणात न बसणारा माणूस समोर आला तर? शहाण्या मनानं खण मोठा करावा. आपण बहुधा माणूसच कापतो. त्यामुळे वंशद्वेष त्यांच्या लेखी मुळात समजण्यातली चूक ठरतो, बुद्धीची कामचुकारी. मला हे सगळं पटत नाही, तेही सांगून टाकतो. द्वेषात पुष्कळांचा फायदा असतो आणि फायदा बघणाऱ्याची बुद्धी चांगली तल्लख चालते. पण त्या हे नुसतं पुस्तकात मांडून थांबत नाहीत, म्हणून त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो.

त्या स्वतःच खणाबाहेरच्या. वर्ण इतका उजळ की लोक त्यांना गोरी समजत. 1988च्या 'कॉर्नर्ड' या कलाकृतीत कोपऱ्यात टीव्ही, पुढे उलटं पाडलेलं टेबल आणि भिंतीवर वडिलांचे दोन जन्मदाखले. एका दाखल्यात वडील गोरे, दुसऱ्यात एक-अष्टमांश काळे. बाप एकच.

त्याआधी, 1986 साली, त्यांनी एक कार्ड छापून घेतलं. मेजवानीत कुणी काळ्यांवर काहीबाही बोललं, बाकीचे हसले, की त्या आवाज चढवत नसत. पर्समधून व्हिजिटिंग कार्डाएवढं कार्ड काढून त्या माणसाच्या हातात ठेवत. मजकूर अतिशय सभ्य. सारांश असा की मी कृष्णवर्णीय आहे, तुम्ही बोललात किंवा हसलात तेव्हा हे तुमच्या ध्यानात आलं नसणार. आधीच सांगितलं तर लोक मला आगाऊ म्हणतात, म्हणून गप्प होते. माझ्यामुळे तुम्ही अवघडलात याचं वाईट वाटतं. खरी मेख आकारात आहे. चारचौघांत झालेल्या अपमानाचं उत्तर फक्त एकाच्या तळहातावर. उरलेली रात्र ते कार्ड खिशात घेऊन त्यानं जेवायचं.

नव्या ओळखीत तिसऱ्याच वाक्याला 'आडनाव काय म्हणालात?' हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना त्या कार्डाचं वजन मी सांगायला नको. ज्यांनी विचारलंय, त्यांनाही नको.

2015 साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या तिथल्या कलाप्रदर्शनात, त्यांना सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला. तिथल्या त्यांच्या कलाकृतीत भिंतीच तीन, प्रत्येकीपुढे एक काउंटर, भिंतीवर सोनेरी अक्षरांत एकेक वचन. मला विकत घेणं कुणालाही परवडणार नाही. मी बोलेन ते मनापासून. करेन म्हणेन ते करेन. पटलं तर करारावर सही करायची. आपणच घातलेला नियम आपण पाळणं, हेच कांटच्या नीतिशास्त्रातलं स्वातंत्र्य. वाचताना आपण मान डोलावतो. इथे काउंटरपलीकडचा माणूस पेन पुढे करतो आणि हात अडखळतो.

बाईंचं यातलं पहिलं वचन आधीच पाळून झालं होतं. त्यांचा मोठा ग्रंथ एका नामवंत प्रकाशनानं स्वीकारला, पण काटछाट करा म्हणाले. त्यांनी तो परत घेतला आणि 2008 साली आपल्या वेबसाइटवर सगळ्यांना फुकट वाचायला ठेवला. दोन खंड आहेत. कांटपेक्षा सोपे आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही.