खाजाच्या कानवल्याचे पदर

ही परात बघा. साजूक तूप आहे आणि काकू ते तळहाताने फेसतायत, गोल गोल, कितीतरी वेळ, आणि पिवळसर रवाळ तूप हळूहळू पांढरंशुभ्र होत चाललंय. आता त्यात तांदळाची पिठी. हा झाला साटा. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांमधे दिवाळीला जे खाजाचे कानवले, म्हणजे पदर सुटलेल्या करंज्या, होतात त्यांची खरी करामत ह्या परातीत आहे. सारण काय, खोबरं खसखस वेलची पिठीसाखर, ते कुणालाही जमतं.

शिकतेय ती त्यांची पुतणी. प्रमाण किती घेऊ विचारते, काकू म्हणतात, "अगं बोटाला कळतं ते, पातळ झालं तर पोळीवरून ओघळेल." असं हात धरून शिकवणारं माणूस घरात आहे तोवर शिकून घ्या हो, हा व्हिडिओ आम्ही त्याचसाठी केलाय.

पीठ बारीक रव्याचं, घट्ट भिजवून दोनेक तास झाकून ठेवलेलं, तेवढ्यात रवा फुगतो, मग पाट्यावर घेऊन वरवंट्याने कुटायचं. आवाज ऐका. कुटून कुटून ते इतकं मऊ होतं की ताणलं तरी पटकन तुटत नाही. बऱ्याच जणी आता फूड प्रोसेसरमधे फिरवतात, चालतं, पण कुटलेल्या पिठाची पोळी जास्त पातळ लाटली जाते हे काकूंचं ठाम मत आणि समोर बघितल्यावर आम्हालाही ते पटलं.

आता पोळ्या. खालचा पोळपाट दिसतोय बघा. एक पोळी, साटा, त्यावर दुसरी, परत साटा, तिसरी, परत साटा, आणि मग घट्ट गुंडाळी, मधे हवा अजिबात राहायला नको. सुरीने काप केले की कापलेल्या तोंडावर ही वळणं दिसतात. लाट्या ओल्या फडक्याखाली, नाहीतर वाळून कडा फाटतात. वळणं कानवल्याच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत आणि लाटणं हलकं फिरलं पाहिजे. पुतणी जोर लावते, काकू लगेच, "दाबू नकोस गं, पदर चिकटतील!"

पदर सुटतात ते तुपामुळेच. दोन थरांच्या मधे साटा असतो म्हणून पीठ पिठाला चिकटत नाही, आणि कढईत पडलं की पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती थर उचलते. अमेरिकेत घरी पाय करतात तेव्हा वरच्या कवचाच्या पिठात थंडगार लोण्याचे बारके तुकडे तसेच ठेवतात, तेही ह्याच कारणाने.

सारण भरलं, कडेला दूध लावून मिटलं, कातणाने कापलं. आच मंद. झाऱ्याने वरून तूप सोडत राहायचं.

आता नुसतं बघा.

1937 मधे डालडा आला आणि स्वस्त म्हणून कित्येक घरांत साटाही त्याचाच व्हायला लागला, पदर सुटतात त्यानेही, पण अशा वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट हृदयाला वाईट, 2022 पासून त्याची मर्यादा 2 टक्के केलीये. आमचं म्हणणं, कानवले थोडे करा पण साजूक तुपातले करा.

काढल्यावर उभे ठेवा म्हणजे तूप निथळतं, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की मऊ पडतात.