खडूचं दार

मंडळी, कोल्हापुरात 'तालीम' म्हटलं की निम्म्या लोकांना लाल माती आठवते. पेठेपेठेत तालमी आहेत. नाटकवाल्यांचीही तालीमच. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान आणि १९१५ सालचं पॅलेस थिएटर शेजारी शेजारी उभं केलं. तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळाल्यावर रडलेली माणसं इथंही बसली असतील. असो.

पैलवान ढाकेसारखा एकच डाव महिनोन् महिने घोटतो. डाव ठाऊक नसतो म्हणून नव्हे, मैदानात तो आठवत बसायला सवड नसते म्हणून. आपल्याकडं मात्र पाठांतर झालं की तालीम झाली, असं समजणारे लई. पाठांतर घरी करा की! तालमीला यायचं ते समोरच्याचं ऐकायला. तो आज वाक्य हळू म्हणाला, तर तुमचं उत्तर कालच्याच पट्टीत कसं येईल?

माझीच फजिती सांगतो. स्पर्धेचं नाटक, दिग्दर्शक मी. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालमी चालायच्या. फरशीवर खडूच्या दोन रेघा, ते दार. थोरला मुलगा चिडून घरात शिरतो, अशी एंट्री. महिनाभर पोरगा रेघांमधून असा तीरासारखा यायचा की आम्ही खूश. नेपथ्य लागलं ते प्रयोगाच्याच दुपारी. प्रकाशयोजनेतच संध्याकाळ झाली आणि रंगीत तालीम मी गुंडाळली. प्रयोगात पोरानं दार ढकललं. दार हलेना. पुन्हा ढकललं. ते विंगेकडं, म्हणजे त्याच्याच अंगावर उघडणारं होतं! प्रेक्षक हसले, आणि बापाच्या मरणाचा प्रसंग त्या हशात गेला.

पोराची चूक नव्हती. खडूच्या दाराला कडी नसते, बिजागरी नसते. ती चूक तालमीत व्हायला हवी होती. तिथं ती फुकट होती, प्रयोगात महाग पडली.

पण त्याच प्रयोगात आईचं काम करणारीनं आम्हाला वाचवलं. तिचं वाक्य होतं, "आलास?" ती थांबली, हशा ओसरू दिला, उठली, दाराशी गेली आणि संहितेत नसलेलं बोलली, "ओढ, बाळा. तुझ्या बापानं उलटंच बसवलंय ते." थिएटर एकदम गप्प. हे तिला ऐनवेळी सुचलं असं लोक म्हणतात. मला पटत नाही. महिनाभर ती त्या घरात राहत होती, नवऱ्याला ओळखत होती. ती तालमीत कमावलेली गोष्ट.

तेव्हा स्पर्धेला उतरणाऱ्यांनो, चहाचा खरा कप, खरी काठी, खरी चप्पल पहिल्या आठवड्यातच आणा. आणि सुताराला आधी विचारून घ्या, दार कुठल्या बाजूला उघडतंय ते.