लाटव्हियन ‘स्वेत्की’ आणि आपला ‘सोहळा’

अध्यक्षमहोदय आणि रसिक श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानासाठी मी मुद्दाम एकच शब्द निवडला आहे. लाटव्हियन भाषेत सणाला, उत्सवाला, समारंभाला ‘स्वेत्की’ म्हणतात. उच्चारताना ‘स्वे’ लांबवायचा. काही वर्षांपूर्वी मी लाटव्हियाच्या राजधानीत, रिगा शहरात भरणाऱ्या ‘द्झिएस्मु स्वेत्की’वर, म्हणजे गाण्यांच्या स्वेत्कीवर, एका नियतकालिकासाठी लेख लिहिला होता. तो छापून आला तेव्हा शीर्षकात ‘म्युझिक फेस्टिव्हल’ झाले होते आणि मजकुरात जिथे जिथे मूळ शब्द होता, तिथे तिथे ‘संगीत महोत्सव’ बसवला होता. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही, कारण लाटव्हियन माणसाकडे ‘फेस्टिवाल्स’ हा शब्द आहेच. चित्रपटांचा किंवा रॉक संगीताचा असतो तो फेस्टिवाल्स. तिकीट काढून जायचे, पाहायचे आणि घरी यायचे. रिगामधल्या मेझापार्क्स या उद्यानातल्या भव्य मंचावर साधारण दर पाच वर्षांनी हजारो हौशी गायक एकत्र उभे राहून गातात, त्याला मात्र लाटव्हियन माणूस हा शब्द लावत नाही. इंग्रजीतसुद्धा त्यांनी अधिकृत नावात ‘सेलिब्रेशन’ हाच शब्द ठेवला आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००८ साली एस्टोनिया आणि लिथुएनियाच्या अशाच परंपरांसह त्याची नोंद झाली, तेव्हाही ‘सेलिब्रेशन्स’ असेच लिहिले गेले. ज्यांचा सण त्यांनी इतक्या काळजीने जपलेला भेद आपण एका फटक्यात पुसून टाकावा, हे मला पटत नाही.

हा शब्द नेहमी अनेकवचनी असतो. आपण ‘डोहाळे’ म्हणतो किंवा ‘अक्षता’ टाकतो, तेव्हा एकवचनाचा विचारही करत नाही, तसेच ते. लाटव्हियनमध्ये मात्र हा नियम फार दूरवर पसरला आहे. लग्न म्हणजे ‘काझास’, बाप्तिस्मा म्हणजे ‘क्रिस्तीबास’ आणि अंत्यविधी म्हणजे ‘बेरेस’; हे सारे शब्द अनेकवचनीच. व्याकरणावरून एखाद्या समाजाचा स्वभाव ठरवणे धोक्याचे असते हे मला मान्य आहे, पण माणसे जमल्याशिवाय जे होतच नाही, अशा इतक्या गोष्टी अनेकवचनात याव्यात, याकडे डोळेझाकही करवत नाही.

आता शब्दाचे मूळ पाहू. ‘स्वेत्स’ म्हणजे पवित्र. तो लाटव्हियनमध्ये जुन्या रशियनमधून आला असे व्युत्पत्तिकार मानतात. शेजारच्या लिथुएनियनमध्ये सणाला म्हणतात ती ‘श्वेंते’ मात्र त्या भाषेची स्वतःची. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘स्पेंत’ याच कुळातला आहे आणि आपल्या पारशी बांधवांच्या पंचांगातल्या शेवटच्या महिन्याच्या नावात, अस्पंदारमदमध्ये, तो आजही नांदतो आहे. रविवार म्हणजे ‘स्वेतदिएना’, पवित्र दिन. नाताळ म्हणजे ‘झिएमस्स्वेत्की’, हिवाळ्याचे स्वेत्की, आणि त्यातला ‘झिएमा’ हा आपल्या ‘हिम’ आणि ‘हेमंत’ यांचा सख्खा भाऊ आहे. लाटव्हियाच्या राष्ट्रगीताचे पहिले शब्द ‘दिएव्स, स्वेती’ असे आहेत, म्हणजे ‘देवा, आशीर्वाद दे’. कार्लिस बाउमानिस यांचे हे गीत १८७३ साली रिगामध्ये झालेल्या पहिल्याच द्झिएस्मु स्वेत्कीत गायले गेले, तेव्हा लाटव्हिया नावाचे राष्ट्र नकाशावर नव्हते.

जूनच्या २३ तारखेच्या रात्रीचे ‘लीगो’ आणि दुसऱ्या दिवशीचे ‘याञी’ या मध्य-उन्हाळ्याच्या सणांवर खरे तर वेगळे व्याख्यान द्यायला हवे. ओकच्या पानांचे मुकुट, शहाजिरे घातलेले चीज, बीअर आणि उजाडेपर्यंत पेटती ठेवलेली शेकोटी असा त्याचा थाट असतो. २४ जून हा ‘यानिस’ नावाच्या पुरुषांचा नामदिन, म्हणजे दिनदर्शिकेत त्या नावासाठी नेमलेला दिवस आहे आणि लाटव्हियात यानिस इतके आहेत, की कुठल्याही वाटेने गेलात तरी आमंत्रण चुकणार नाही!

पण मला आपल्याला न्यायचे आहे ते स्मशानभूमीत. ‘कापुस्वेत्की’ म्हणजे कबरींचे स्वेत्की. मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक गावच्या दफनभूमीचा दिवस आधीच जाहीर होतो. विद्झेमे प्रांतातल्या अशा एका कापुस्वेत्कीला मी गेलो आहे. उंच पाइन वृक्षांखाली कबरी होत्या आणि त्यांच्याभोवती पांढरट वाळू पसरलेली होती. एक आजी दाताळ्याने ती वाळू ओढत होत्या, रेघा सरळ याव्यात म्हणून पुन्हा पुन्हा मागे सरकत होत्या, आणि शेवटी आपल्याच पावलांचे ठसे पुसत बाहेर आल्या. रिगाहून आलेला नातू बादलीतून पाणी आणत होता. मग पाद्रीबुवा आले, प्रार्थना झाली, स्तोत्रे झाली, त्या वर्षात गेलेल्यांची नावे वाचली गेली. काही जण रडले. त्यानंतर कबरींमधून हिंडत लोक एकमेकांना शोधू लागले. वर्षभर न भेटलेली चुलत भावंडे, जुने शेजारी, शाळासोबती. ‘ही आमची धाकटी’ म्हणून तान्ह्या मुलीची ओळख करून दिली गेली, आणि ती ओळख जिवंत आणि मृत अशा दोघांनाही करून दिली जात होती असे मला वाटले. दुपारी घरोघरी जेवणाची मेजे मांडली गेली. या दिवसाला ‘महोत्सव’ म्हणून पाहा, जीभ अडखळते. ‘सण’ही चालत नाही. तरीही लाटव्हियन माणसाला नाताळ आणि हा दिवस एकाच शब्दात सांगताना जराही अवघडल्यासारखे होत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा शीर्षकात ज्याचे आश्वासन दिले होते तो मुद्दा थोडक्यात मांडतो. माझे म्हणणे असे, की स्वेत्कीला मराठीत ‘सोहळा’ म्हणावे. पालखी सोहळ्यात गाणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा नसतो, चालणारा प्रत्येक जण दिंडीतलाच असतो. १८७३ साली सुमारे हजार गायकांनी सुरू झालेल्या आणि २०२३ साली, दीडशेव्या वर्षी, सुमारे ४० हजार सहभागींपर्यंत पोचलेल्या द्झिएस्मु स्वेत्कीतही समारोपाचा अधिकृत कार्यक्रम संपला की गायक आणि श्रोते मिळून पहाटेपर्यंत गातात. कबरींशी हा शब्द जुळेल का, अशी शंका कोणी काढील. त्याला उत्तर आळंदीत आहे. कार्तिक वद्य त्रयोदशीच्या ज्ञानेश्वर माउलींच्या दिवसाला आपण ‘संजीवन समाधी सोहळा’ म्हणतो, आणि त्यात हुंदका आणि गजर दोन्ही असतात. इतक्या विस्तृत अर्थाचा शब्द घरात असताना ‘फेस्टिव्हल’ उसना आणण्याचे कारण नाही.

एक मर्यादा मात्र पाळावी लागेल. लाटव्हियाच्या १९९० सालच्या कायद्याने ‘स्वेत्कु’ दिवस आणि ‘आत्सेरेस’ म्हणजे स्मरणाचे दिवस वेगळे ठेवले आहेत. २५ मार्च १९४९ रोजी सुरू झालेल्या सोव्हिएत हद्दपारीत ४२ हजारांहून अधिक माणसे सायबेरियाकडे नेली गेली. त्या तारखेला कोणी स्वेत्की म्हणत नाही, आणि अनुवादकानेही तिथे सोहळा लिहू नये. तिथे ‘स्मरणदिन’ असेच लिहावे.