मेकअप उतरवल्यावरचे प्रभावळकर

नमस्कार मंडळी! आजचा विषय अभिनेते दिलीप प्रभावळकर, म्हणजे इथे बसलेल्या प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असणारच, त्यामुळे मी सगळी कारकीर्द वाचून दाखवत नाही. रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यातली चेटकीण, दूरदर्शनवरचा चिमणराव, 'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचू, २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी आणि त्यासाठी (आणि 'शेवरी' या सिनेमासाठी) मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार, हे तुम्हाला माहितीच आहे.

प्रभावळकर म्हटलं की आपण लगेच वेषांतरावर येतो. 'हसवाफसवी'त सहा भूमिका, नाटक स्वतःच लिहिलेलं, त्यातला तो थकलेला संगीत नट कृष्णराव हेरंबकर तर काय सांगू, हसता हसता घशाशी येतं. पण खरं सांगू का, मला ते सगळ्यात मोठे वाटतात ते जिथे विग नाही, नकली दात नाहीत, काहीच लावलेलं नाही तिथे.

जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात ते बाप झाले, मतिमंद मुलाचा बाप, नोकरी करणारा साधा मध्यमवर्गीय माणूस, मुलावर जीव आहे आणि त्याच मुलाने जीव मेटाकुटीला आलाय, ही दोन्ही टोकं एकाच माणसात दाखवायची होती. आणि मग १९९१ ला 'चौकट राजा' हा सिनेमा, त्यात ते स्वतःच नंदू, लहानपणी झाडावरून पडून ज्याची बुद्धी तिथेच थांबली असा! म्हणजे आधी अशा मुलाचा बाप आणि मग स्वतः ते मूल. नंदूला ते कुठेही बिचारा करत नाहीत, तो हट्टी आहे, खुशीत येतो, रुसतो, बालमैत्रीण भेटल्यावर त्याचा आनंद अंगात मावत नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगात लहान मूल बसवायचं आणि ते खोटं वाटू द्यायचं नाही, हे किती अवघड आहे बघा.

तसेच टिपऱ्यांचे आबा. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली, २००१ मध्ये. आबांना ना ढंगदार बोली ना कसली लकब, घरातले रिटायर्ड आजोबा, नातवाच्या उद्योगात सामील. तरी इतक्या वर्षांनी आपल्याला ते आपल्याच घरातले वाटतात ना?

आपल्या मुलांना तात्या विंचू माहितीये, नंदू माहीत नाही. कमिटीला माझी मनापासून विनंती, पुढच्या स्क्रीनिंगला 'चौकट राजा' लावा, मुलांना बरोबर बसवून. सबटायटल्सचं काम मी घेतो.