खाऱ्या वाऱ्यातली चेन

[दृश्य: दाभोळची जेट्टी. फेरीबोटीसाठी थांबलेल्या सायकली. कॅमेरा एका चेनच्या अगदी जवळ.]

पलीकडच्या धोपाव्याहून फेरीबोट यायला अजून वेळ आहे. तोवर या रांगेतल्या सायकलींच्या चेन बघून घेऊ. ही पहिली काळीभोर, तेलाने माखलेली. बोट फिरवलं तर तेलाबरोबर रेतीही हाताला लागते. तिच्या शेजारची नारिंगी, पेडल मारलं की कुईकुई करणारी. एकीला तेल नको तितकं आणि दुसरीला थेंबही नाही. झिजतायत मात्र दोन्ही.

किनाऱ्यावरच्या सायकलीला तेल कुठलं घालायचं, हा प्रश्न घाटावरच्या सायकलीपेक्षा इथे जास्त अवघड आहे. इथे वाळू आहे, जांभ्याची तांबडी धूळ आहे, पावसाळ्यात साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस आहे. आणि या सगळ्यांच्या वरताण आहे ते मीठ.

[दृश्य: दुपारचा समुद्र, फुटणाऱ्या लाटा, उडणारे तुषार.]

खारे वारे आपण सगळे शाळेच्या भूगोलात शिकलो. लाटा फुटतात, त्यांचे तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मिठाचे बारीक कण वाऱ्याबरोबर गावात येतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओले होतात. म्हणून इथल्या स्वयंपाकघरात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, आणि पडवीत नुसती उभी असलेली सायकलही गंजते. पाऊस लागलाच पाहिजे असं नाही.

चेन तांबडी दिसली म्हणजे गंजलीच, असंही समजू नका. कोरडं फडकं फिरवून बघा. जांभ्याची धूळ असेल तर फडक्यावर येते आणि खालचं पोलाद चकाकतं. गंज असेल तर फडकं तांबडं होऊनही पट्टीवर खरखरीत डाग उरतो.

[दृश्य: टेबलावर सुटी केलेली चेन. एक कडी, तिची पिन, रोलर, पट्ट्या.]

आता चेनच्या आत जाऊ. मँचेस्टरमध्ये काम करणारे हान्स रेनोल्ड यांनी १८८० साली बुश (पिनेभोवतीची बारीक नळी) आणि रोलर असलेल्या चेनचं पेटंट घेतलं. आपल्या सायकलची चेन आजही त्याच कुळातली आहे. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, मधून जाणारी पिन आणि तिच्याभोवती फिरणारा रोलर. चेन दातांवर वळते तेव्हा प्रत्येक सांधा थोडा वळतो आणि पिन आतल्या आत घासते. तेलाची गरज आहे ती तिथे, बाहेरून डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या फटीत.

बाहेरच्या पट्ट्यांना गंज धरू नये इतका पुसट थर पुरतो. आपण मात्र तेल ओततो ते नेमकं बाहेर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. बाहेरचं जास्तीचं तेल वाळू धरून ठेवतं. वाळूतला गारगोटीचा कण काठिण्याच्या मोहस मापावर ७ आहे, चाकूच्या पात्यालाही ओरखडा काढील इतका टणक. तेल आणि असे कण एकत्र आले की त्यांची घासायची लापशी होते, आणि ती हळूहळू सांध्यात शिरते. ग्रीस थापणाऱ्यांचंही हेच होतं. ग्रीस इतकं घट्ट असतं की वरून लावलेलं आत पोचत नाही, वाळू मात्र भरपूर गोळा करतं.

[दृश्य: ओट्यावर ठेवलेल्या बाटल्या. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, इंजिन ऑइल, चेनल्यूब.]

घरात हाताशी असतं ते खोबरेल. ते या कामाचं नाही. २४ अंशांच्या आसपास ते गोठतं, म्हणजे दापोलीच्या हिवाळी पहाटे चेनमध्येही त्याचं तेच होणार. शिवाय खायची तेलं हवा लागून चिकट होतात. शिलाई मशीनचं तेल छान पातळ, आत झटकन शिरतं, पण पावसाच्या पहिल्या सरीतच धुऊन जातं. उन्हाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्याला ते चालेल. गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून लावू नका. त्यात काजळी असते, इंजिनाच्या झिजेतले धातूचे कण असतात, आणि ते कातडीलाही घातक आहे. नवं इंजिन ऑइल वेगळं. चेनकव्हर असलेल्या साध्या काळ्या सायकलीला ते थेंबाथेंबाने घालून नीट पुसलं तर काम देतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल हमखास विचारलं जातं. त्या स्प्रेमधलं मिश्रण १९५३ साली तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी. भिजलेल्या चेनमधलं पाणी घालवायला तो उपयोगी आहे. पण मागे राहणारा थर फार पातळ असतो. तो मारून चेन सुकली की खरं तेल घालायचं काम शिल्लकच राहतं.

चेनसाठी मुद्दाम बनवलेल्या तेलांत ढोबळ तीन प्रकार. ओलं तेल दाट असतं, पाण्याला सहज दाद देत नाही, पण धूळ पकडतं. कोरडं तेल लावताना पातळ असतं. त्यातला द्रव उडून जातो आणि आत कोरडसर थर उरतो. ते आदल्या संध्याकाळी लावावं, इथल्या दमट हवेत तर नक्कीच. तिसरं मेण.

मला विचाराल तर कोकणात वर्षाचे दोन भाग करावेत. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, लाकडं भरून झाली, कौलं चाळून झाली की चेनला ओलं तेल. दसऱ्यापासून पुढे कोरडं. दसऱ्याला तशीही सायकल धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून तिची पूजा होते. त्या धुण्यात साबणाचं पाणी चेनमधलं उरलंसुरलं तेल काढून टाकतं आणि सायकल तशीच उभी राहते. माळ घालण्याआधी चेन कोरडी करून तेल घातलं, तर तो दिवस ऋतू बदलायला अगदी योग्य आहे.

[दृश्य: पाण्याच्या उकळत्या पातेल्यात ठेवलेला डबा, त्यात वितळलेलं मेण.]

मेणाचा खटाटोप मोठा आहे. चेन काढायची, तिच्यातलं सगळं तेल आणि ग्रीस पेट्रोलने किंवा तसल्याच द्रावणाने काढायचं. हे उघड्यावर, चुलीपासून आणि विडीकाडीपासून लांब. पेट्रोल पूर्ण उडून गेलं की मगच मेण. पॅराफिन मेण ५० ते ६५ अंशांना वितळतं. त्याचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, थेट आचेवर कधीच नाही. चेन आत सोडली की सांध्यांतून बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत ती आतच ठेवायची, मग टांगून निथळायची. थंड झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते, एकेक कडी वळवून मोकळी करावी लागते.

एवढं केल्यावर चेन इतकी स्वच्छ चालते की हात लावला तरी काळा होत नाही, आणि वाळू तिला चिकटत नाही. हिवाळ्यात किनाऱ्याच्या रस्त्याने श्रीवर्धनहून गुहागर, पुढे देवगड असा लांबचा पल्ला मारणाऱ्याने हे जरूर करावं. पावसात मात्र मेण गंजापासून फारसं वाचवत नाही.

[दृश्य: ओहोटीची ओली वाळू, तिच्यावरून जाणारी सायकल.]

ओहोटीच्या घट्ट वाळूवर सायकल मारायचा मोह कुणाला होत नाही! जरूर मारा. पण त्याच दिवशी घरी येऊन चेनवर गोडं पाणी घाला. तांब्याने, हळू. जोराचा फवारा मारलात तर चाकाच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसतं. मीठ तसंच ठेवून वरून तेल घातलं, तर मीठ आतच राहतं आणि तेलाखाली गंज चालू राहतो. आधी गोडं पाणी, मग कोरडं फडकं, मग ऊन, आणि शेवटी तेल.

[दृश्य: तेल घालण्याचं काम, सलग, न कापता.]

जुनं काळं तेल असेल तर आधी ते काढायचं. ब्रश रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून चारही बाजूंनी घासायचा, फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवायचं. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत. मग पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर आत उरलेलं रॉकेल नव्या तेलाला पातळ करतं.

आता एका कडीला दोरा बांधायचा, म्हणजे सुरुवात कुठे केली ते कळतं. बाटलीचं तोंड खालच्या चेनच्या वरच्या अंगाला धरायचं. दात जिथे लागतात ती ही बाजू. प्रत्येक रोलरवर एकच थेंब. बघा, थेंब रोलरवर पडतो, क्षणभर फुगून उभा राहतो आणि मग पट्ट्यांच्या फटीत ओढला जातो. घाई केली की धार लागते आणि तेल रिमवर उडतं. रिमला ब्रेक असेल तर तो लागत नाही, आणि डिस्कवर तेल गेलं तर ब्रेकपॅडच बदलावी लागते. दोरा परत आला की बाटली बंद.

पेडल थोडा वेळ उलटं फिरवायचं आणि सायकल रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसायचं. बाहेरून चेन जवळजवळ कोरडी वाटली पाहिजे. पुसण्याचा कंटाळा केला तर आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाळूच्या हवाली होते.

काळं रॉकेल पऱ्ह्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. जुन्या बाटलीत साठवा आणि गॅरेजमध्ये जळकं ऑइल जमा होतं तिथे द्या.

[दृश्य: चेनवर ठेवलेली १२ इंची पट्टी.]

चेन ताणली गेली असं म्हणतात, पण पट्ट्या ताणत नाहीत. पिना आणि त्यांची भोकं झिजतात, आणि शंभरावर सांध्यांची झीज एकत्र मिळून लांबी वाढते. मोजपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने, म्हणजे दीड मिलिमीटरभर पुढे गेली की गिअरच्या सायकलीला नवी चेन घ्या. आठव्या भागापर्यंत थांबलात तर बहुधा मागची दातेरी चक्रंही बदलावी लागतात. बिनगिअरच्या सायकलीला तेवढी मुभा आहे.

नवी चेन आणलीत की तिच्यावरचं चिकट ग्रीस रॉकेलने धुऊ नका. मेण लावायचं नसेल तर ते आत राहू द्या. कारखान्यात भरलेलं ते ग्रीस सांध्यांत आधीच पोचलेलं असतं. फक्त बाहेरून पुसा आणि सायकल चालवायला घ्या. तेलाची बाटली चेनचा आवाज सुरू झाल्यावर, किंवा पहिल्या पावसात भिजल्यावर उघडा.