दार पूर्ण उघडण्यासाठी ठेवलेली जागा

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे साडेतीन, इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटचं पार्किंग. पाऊस तिरपा लागत होता. माझी लेक तेव्हा पाच महिन्यांची होती आणि सासूबाई पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. मुलांसह येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या रुंद जागा भरलेल्या होत्या, म्हणून मी गाडी साध्या जागेत लावली होती. सामान घेऊन परत आलो तर डावीकडे एक मोठी गाडी अशी खेटून उभी होती की आमचं मागचं दार वीतभरसुद्धा उघडेना. बाळाची सीट त्याच दाराशी. छत्री डिकीत.

सासूबाई म्हणाल्या, "तू गाडी बाहेर काढ, मी हिला धरते." त्यांनी बाळाची सीट ट्रॉलीतून उचलून छातीशी घेतली आणि पदराने तिचं तोंड झाकलं. मी गाडी मागे घेऊन रस्त्यात उभी केली, दार सताड उघडलं आणि पावसात वाकून पट्टे लावायला लागले. बोटं गारठलेली, बकल बसता बसेना. मागे तीन गाड्या थांबल्या होत्या. कुणी हॉर्न वाजवला नाही, पण कधी एकदा निघतेय असं मला झालं होतं. गाडीत बसल्यावर सासूबाईंनी एकच गोष्ट विचारली, "त्या रुंद जागा भरल्या होत्या ना, मग तिथल्या एकाही गाडीतून मूल कसं उतरलं नाही?" आम्ही आत जाताना त्यांनी पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं.

आज मला त्या जागांबद्दल बोलायचं आहे. आपली बरीच कुटुंबं या देशात येतात, गाडी घेतात, बाळ होतं, आणि जमिनीवर रंगवलेलं मोठ्या माणसाचं आणि मुलाचं चित्र बघून विचारात पडतात. आजी-आजोबांनी नातवाला नेलं तर चालतं का? मूल दहा वर्षांचं असेल तर? पोलीस दंड करतात का?

आधी मोजमाप सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. इथली साधी पार्किंगची जागा सहसा 2.4 मीटर रुंद असते. घरगुती गाडी आरसे सोडून साधारण 1.8 मीटर. म्हणजे दोन गाड्या अगदी मधोमध उभ्या केल्या, तरी त्यांच्यामध्ये 60 सेंटीमीटर उरतात. तेवढ्यात दार उघडायचं, आपण उभं राहायचं, आणि 44 सेंटीमीटरपर्यंत रुंद असलेली बाळाची सीट आडवी करून आत सरकवायची. हल्लीच्या आय-साइझ या बाळांच्या सीटच्या नियमाप्रमाणे 15 महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागच्या दिशेलाच हवं, त्यामुळे तिरपं वाकूनच बसवावं लागतं. मांडीवर घेऊन जाऊ म्हणाल तर ती सोय नाही. 12 वर्षांचं होईपर्यंत किंवा 135 सेंटीमीटर उंची होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, मुलाला सीट सक्तीची आहे.

मुलांसह येणाऱ्यांना रुंद जागा मिळते ती दार काटकोनात उघडता यावं म्हणून. दुकानाच्या दारापासून जवळ असणं ही वरची सोय झाली, लहान मुलं गाड्यांच्या मधून पळू नयेत म्हणून केलेली. मला विचाराल तर रुंदी ठेवा आणि जागा लांब असल्या तरी चालतील. जवळ आहेत म्हणूनच मूल नसलेल्यांना मोह होतो.

आता कायद्याचं. दिव्यांगांच्या जागा आणि या जागा एक समजू नका. दिव्यांगांच्या जागांमागे 2010 चा समानता कायदा आहे, ब्लू बॅजची, म्हणजे दिव्यांगांच्या पार्किंग परवान्याची, रीतसर व्यवस्था आहे. मुलांसह येणाऱ्यांच्या जागांना तसा आधार नाही, त्या दुकानाने आपल्या मालकीच्या जमिनीवर दिलेल्या आहेत. म्हणून पोलीस किंवा नगरपालिका त्यात पडत नाही. पण पार्किंग सांभाळणारी खासगी कंपनी पाटीवर लिहिलेल्या अटींच्या जोरावर पैसे मागू शकते. चेम्सफर्डच्या एका पार्किंगमध्ये ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबल्याबद्दल मागितलेले 85 पौंड इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली योग्य ठरवले होते. तेव्हा पाटी वाचा. काही ठिकाणी 12 वर्षांखालचं मूल असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नुसतं चित्र असतं. गरोदर बाईला मुभा आहे का, हेही दुकानागणिक बदलतं. आत ग्राहक सेवेच्या टेबलावर विचारायला लाजू नका.

पण पाटी परवानगी देते तेवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं.

आपण एसटीत वाढलेली माणसं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी. तरीही कडेवर मूल घेतलेली बाई चढली की कुणीतरी म्हणायचंच, "बसा हो ताई, बाळ आहे." आणि कुणी नाही म्हटलं तर ती बाई स्वतः म्हणायची, "जरा सरकता का?" बसलेला माणूस समोर असतो, त्याच्याकडे बघता येतं, त्याला बोलता येतं. पार्किंगमध्ये माणूस गाडी लावून निघून जातो. मागून येणाऱ्या आईसमोर उरतो तो बंद पत्रा. त्यामुळे इथे सगळा निर्णय गाडी वळवतानाच करावा लागतो, आपला आपण, कुणी बघत नसताना.

तो चुकतो कसा, ते मी स्वतःवरून सांगते. लेक दीड वर्षाची असताना एकदा ती घरी बाबांजवळ होती आणि मी एकटी दूध आणायला गेले. मागे रिकामी सीट होती. पाच मिनिटांचं काम, सीट तर दिसतेच आहे, असं म्हणून मी रुंद जागेत गाडी लावली. बाहेर आले तेव्हा एक बाप लांबच्या कोपऱ्यात दोन जुळी बाळं एकेक करून उतरवत होता. एक खाली ठेवलेलं, एक अजून आत. मला आमचा फेब्रुवारी आठवला. त्यानंतर रिकामी सीट घेऊन मी तिथे कधी थांबले नाही.

म्हणून घरात सगळ्यांना एकच सांगते. दार पूर्ण उघडावं लागणार आहे का, ते बघा. नातवाला घेऊन आलेले आजोबा असोत की मावशी, मूल सीटमधून काढायचं असेल तर ती जागा त्यांची. दहा वर्षांचा मुलगा स्वतः दार उघडून उतरतो, तर पाटीने हो म्हटलं तरी पुढे जा. बाळ झोपलंय, एक जण गाडीत बसून राहणार आणि दुसरा सामान आणणार, असं असेल तरीही साध्या जागेत थांबा, कारण दार उघडायचंच नाही. आणि जागा भरलेल्या असतील तर दिव्यांगांच्या जागेत दोन मिनिटंही नको. व्हीलचेअर बाहेर काढायलाही दार असंच उघडावं लागतं.

मग करायचं काय? लांबच्या टोकाला जा, जिथे एका बाजूला कठडा किंवा गवत असेल. बरोबर दुसरं मोठं माणूस असेल तर बाळाला जागेबाहेरच उतरवून घ्या आणि मग गाडी आत लावा. रिकामी ट्रॉली त्या रुंद जागेत सोडून जाऊ नका. मागून येणारी आई ती बाजूला करायला बाळाला गाडीत ठेवून उतरणार नाही, ती पुढे निघून जाईल.

कुणी चुकीचा थांबलेला दिसला तर भांडायला जाऊ नका, हेही कळकळीने सांगते. एकटा माणूस उतरला म्हणजे मूल नाहीच असं नसतं. आजीबरोबर आत असलेल्या नातीला घ्यायला तो आलेला असेल. जागा न मिळालेला ब्लू बॅजवाला असेल. फारच खटकलं तर आत सांगा, ते त्यांचं काम आहे. तुमचं मूल तुमच्या कडेवर आहे, त्याला आरडाओरडा ऐकवू नका.

माझी लेक आता सहा वर्षांची आहे. पाटीप्रमाणे अजून सहा वर्षं आम्हाला ती जागा चालेल. गेल्या शनिवारी ती म्हणाली, "आई, तिथे रिकामी आहे की." मी म्हटलं, "तुझं दार तू उघडतेस ना?" ती म्हणाली, "हो, पण पाऊस आहे." आम्ही पलीकडच्या टोकाला गाडी लावली आणि हात धरून चालत आलो.

छत्री आता मी डिकीत ठेवत नाही, पुढच्या सीटखाली ठेवते. तुम्हीही तिथेच ठेवा. नमस्कार.